जावक क्रमांक नाही

बावीस वर्षं जावक नोंदवही माझ्याकडे.
बंदरे विभाग, मंत्रालय, पाचवा मजला,
खिडकीतून समुद्राचा एक चौकोन.
इथून कागद बाहेर पडायचा तर आधी त्याला
माझ्या हातचा क्रमांक,
मग तो सचिवांचा असो
नाहीतर पंखा दुरुस्तीचा.

आणि तू दीड वर्ष सगळं नेत होतास.
एकालाही क्रमांक नाही.

महागाई भत्त्याच्या थकबाकीचं परिपत्रक होतं ते.
खाली सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे.
फक्त ‘ऊपरोक्त’ मधला ऊ दीर्घ.
म्हटलं, आजकाल कुणाला येतं शुद्धलेखन,
आणि उघडलं.
थकबाकीच्या नावानं आमच्यातलं कोण उघडणार नाही,
हे तुला नेमकं कसं कळलं?
तूही सरकारीच ना.
तुमचीही थकते का रे?

पहिल्यांदा कळलं ते मोतीराम खडपेला, रात्रीच्या शिपायाला.
‘बाई, तुमचा डबा अडीचला जागा असतो.
हिरवं लुकलुकतं.’
आम्ही हसलो. पेठे म्हणाले, लिंबू बांध.
त्यानं खरंच बांधलं.
पुढे पंचनाम्यात आलं ते:
लिंबू, एक नग, वाळलेले.

तपासाला साकिब परकार म्हणून मुलगा आला,
माझ्या लेकीच्या वयाचा.
स्क्रीनकडे बघतच म्हणाला, माइकसुद्धा चालू होता, मॅडम.

म्हणजे पेठ्यांची मूळव्याध तुला ठाऊक.
कुणाची बदली कितीला अडली, तेही.
आणि त्या मंगळवारी,
आईच्या गाठीचा रिपोर्ट मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला,
पदर तोंडाशी धरून,
शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये म्हणून.
काय लिहिलंस त्या दिवशी तुझ्या अहवालात?
‘उपयुक्त माहिती नाही’?

तुला हवी होती खोली. गाळ. दिव्यांच्या जागा.
कोणती बोट कुठे रुतवता येईल
हे म्हणे तेवढ्यावरून लांब बसून ठरवता येतं.
आता आम्हाला दर शुक्रवारी प्रशिक्षण असतं, चहाबिस्किटांसह.

पण साकिबनं एक यादी काढली.
‘ही एकच फाईल त्यांनी अकरा वेळा नेलीय. काय आहे हिच्यात?’

बघितलं तर माझीच टिप्पणी.
कोंडरी जेट्टीचा दक्षिणेकडचा खांब खचला आहे.
शाळेची मुले तेथूनच होडीत चढतात.
तातडीने पाहणी व्हावी. आदेशार्थ सादर.
खाली अवर सचिव: पाहिले.
उपसचिव: पाहिले.
सहसचिव: पाहिले, चर्चा करावी.
दर वेळी कुणी ‘पाहिले’ लिहिलं की फाईल बदलायची,
बदलली की तुझ्याकडे निघायची.

अकरा जणांनी पाहिली ती इथे.
वाचली तिथे.
कुणीतरी परक्या दिव्याखाली, शब्दकोश उघडून,
‘खचला’ म्हणजे काय ते शोधलं असेल.
खांब किती झुकलाय
हे माझ्याइतकं नीट जगात एकालाच माहीत,
आणि तो वैरी.

याचा मला राग यावा तितका येत नाही,
हे मी चौकशीत सांगितलं नाही.

संगणक तपकिरी कागदात बांधला. वर लाख, वर मोहोर.
नेताना साकिब दाराशी थांबला. क्रमांक हवा होता त्याला.
दिला मी. दोन हजार तीनशे सतरा.
तपशील: संगणक एक, लिंबू एक.

नव्या यंत्रावर पहिली टिप्पणी तीच टाइप केली.
कोंडरी. दक्षिणेकडचा खांब. मुले.
आदेशार्थ सादर.
खाली सवयीनं आलं, ‘प्रत माहितीसाठी’,
आणि पुढे नाव घालताना
हात थांबला.